बाणांचा नकाशा आणि क्रुसांचा नकाशा

१० मे हा दिवस मेक्सिकोमध्ये मातृदिन म्हणून पाळला जातो. २०१६ साली त्या दिवशी वेराक्रूझ या बंदराच्या शहरातून काही स्त्रियांचा मोर्चा चालला होता. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी मांडलेल्या धुमाकुळात ज्यांची मुले नाहीशी झाली, अशा त्या आया होत्या. मोर्चा चालू असताना एक मोटार जवळ येऊन थांबली. तीतून उतरलेल्या माणसांनी या स्त्रियांच्या हातांत काही कागद दिले आणि ती निघून गेली. कागदावर शहराच्या कडेला असलेल्या कोलिनास दे सांता फे या वस्तीलगतच्या जागेचा हाताने काढलेला नकाशा होता. त्यावर ठिकठिकाणी क्रूस काढले होते. जिथे क्रूस, तिथे जमिनीखाली माणसे पुरलेली आहेत, एवढाच त्या नकाशाचा अर्थ होता.

या नकाशाची समीक्षा करता येईल काय? प्रश्न विचित्र वाटेल. समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, फार तर चित्राची होते. नकाशा ही भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगायची वस्तू. परंतु गेल्या काही दशकांत अमली पदार्थांच्या व्यापाराचे दुष्परिणाम लोकांना कळावेत म्हणून नकाशे, रेखाकृती व भित्तिचित्रे यांचा उपयोग जगभर होऊ लागला आहे. आकड्यांनी भरलेला अहवाल सहसा कोणी वाचत नाही. नकाशा मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहतो आणि त्यावर विश्वासही ठेवतो. एवढा विश्वास ज्याच्यावर ठेवला जातो, तो काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

त्यासाठी नवी परिभाषा शोधण्याची गरज नाही. शाळेत गुरुजींनी नकाशाची जी अंगे शिकवली, त्यांपैकी तीन आपल्याला पुरेशी आहेत: दिशा, प्रमाण आणि सूची. बाण कोठून कोठे जातो, ही दिशा. किती जवळून अथवा किती दुरून पाहिले, हे प्रमाण. कोणत्या गोष्टीला खूण मिळाली आणि कोणती गोष्ट खुणेविना राहिली, ही सूची. या तीन कसोट्या लावून मी येथे चार नकाशांकडे पाहणार आहे.

नकाशा दाखवणे ही साधी गोष्ट नसते, हे आपल्या वसईकरांना तरी कोणी वेगळे सांगायला नको. १५९६ साली मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्याच्या सुकाणूधारकाने जपानी अधिकाऱ्यांपुढे जगाचा नकाशा पसरला, स्पेनच्या राजाचे राज्य केवढे दूरवर पसरले आहे हे अभिमानाने दाखवले आणि त्यामुळे राज्यकर्ता हिदेयोशी संतापला, अशी कथा सांगितली जाते. या कथेबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, हे निश्चित आहे. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते आणि त्याच गलबतातून गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघालेला मेक्सिकोचा तरुण फेलिपे दे जेसूस हाही होता. दोघांनाही १८६२ साली एकाच दिवशी संतपद मिळाले. मेक्सिको आपल्याला वाटतो तितका परका नाही. आणि उंचावरून काढलेल्या नकाशाची किंमत खाली उभ्या असलेल्या माणसांना मोजावी लागते, हेही आपल्याला चारशे वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

बाणांचा नकाशा

पहिला नकाशा सर्वांच्या परिचयाचा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय दरवर्षी जूनच्या अखेरीस जागतिक अहवाल काढते. त्यात जगाच्या नकाशावर जाडबारीक बाण असतात. अफगाणिस्तानातून निघालेले बाण इराण, तुर्कस्तानमार्गे युरोपात जातात; कोलंबिया, पेरू, बोलिव्हियातून निघालेले उत्तर अमेरिकेकडे वळतात. या अहवालांमागचे परिश्रम मोठे आहेत. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून कोलंबियात कोकाची लागवड किती झाली, याची मोजणी होते. २०२३ साली ती २ लाख ५३ हजार हेक्टर भरली. एवढे ज्ञान पूर्वीच्या पिढीपाशी नव्हते.

या नकाशाशी माझी जी ओळख आहे, ती मात्र सुखाची नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी, मी नवा धर्मगुरू असताना, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या निमित्ताने धर्मग्रामातील तरुणांकडून मी एक प्रदर्शन भरवून घेतले. मधोमध जगाचा मोठा नकाशा होता. मुलांनी लाल रंगाचे बाण फार नेटके काढले होते. मिस्सा सुटल्यावर लोक तो पाहत उभे राहिले. त्यांत एक आई होती. तिचा मुलगा आदल्या वर्षी गर्दच्या पायी गेला होता. त्याचा दफनविधी मीच केला होता. तिने विचारले, “फादर, ह्यात आपली वसई कुठं?” मी मुंबईच्या जागेवर बोट ठेवले. बोटाच्या टोकाखाली वसईसकट अख्खी मुंबई झाकली गेली. बाण हिंदुकुशाच्या पलीकडून निघून माझ्या नखापाशी संपत होता. तिने तो सबंध बाण नजरेने मागे मागे नेला आणि म्हणाली, “एवढ्या लांबून कुठं येतं, फादर? आमच्या मागच्या गल्लीतून येतं ते.”

त्या एका वाक्यात या नकाशाची सारी समीक्षा आली आहे. मला ती समजायला पुढे बरीच वर्षे लागली.

प्रमाणाची कसोटी प्रथम लावू. जगाच्या नकाशात देशच्या देश एका बोटाखाली झाकले जातात. तेथे घर दिसत नाही, गल्ली दिसत नाही, शेतकरी दिसत नाही. त्यामुळे संकट नेहमी दूरवरच्या कोठल्या तरी डोंगरातून आल्यासारखे वाटते आणि पाहणाऱ्याला नकळत दिलासा मिळतो. आपल्या शेजारी कोण राहतो, पुडी कोणाच्या हातून येते, हप्ता कोणाला पोहोचतो, हे प्रश्न नकाशाबाहेर राहतात.

दिशेची कसोटी अधिक कठोर आहे. हे बाण मुख्यतः पकडल्या गेलेल्या मालाच्या नोंदींवरून काढलेले असतात. जेथे पोलीस जागे असतात, तेथे नोंदी अधिक आणि बाण जाड. जेथे पोलिसांनी डोळे मिटले, तेथे नोंदी नाहीत आणि नकाशा स्वच्छ दिसतो. जो प्रामाणिकपणे पकडतो तो काळा ठरावा आणि जो सोडून देतो तो गोरा दिसावा, असा हा न्याय आहे. अहवाल लिहिणारे ही मर्यादा कबूल करतात. भिंतीवर नकाशा लावणारे मात्र ती कबुली वाचत नाहीत. मीही वाचली नव्हती. शिवाय बाण नेहमी गरिबाच्या शेतातून निघतो आणि श्रीमंताच्या दाराशी थांबतो. त्याच वाटेने पैसा उलट दिशेला जातो, त्याचा बाण कोणी काढत नाही. बंदुका ज्या वाटेने येतात, ती वाटही कोरी असते.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. १८२५ च्या सुमारास कोणी असा नकाशा काढला असता, तर माळव्यातून निघालेला अफूचा एक जाड बाण दमणला पोहोचला असता आणि तेथून मकावमार्गे चीनमध्ये शिरला असता. इंग्रज कंपनीचा कर चुकवण्यासाठी व्यापारी पोर्तुगिजांच्या दमणचा आश्रय घेत. १८३० नंतर कंपनीने परवान्यांची पद्धत सुरू करून हा माल मुंबई बंदराकडे वळवला. म्हणजे आपल्या वसईच्या दोन्ही अंगांनी हा व्यापार चालला होता. दमणच्या व्यापारातील एक प्रमुख निर्यातदार रोजेरिओ द फारिया हे मूळचे गोव्याचे, मुंबईत स्थायिक झालेले कॅथलिक गृहस्थ होते. जमशेटजी जिजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनच्या व्यापारातील अफूचा वाटा होता आणि त्याच संपत्तीतून मुंबईला रुग्णालय व कलाशाळा मिळाली. चीनच्या घराघरात काय झाले, हे त्या काळच्या मुंबईच्या नकाशावर कोठेही दिसत नव्हते. आज इतर देशांतील शेतांवर लाल ठिपके देताना आपण हे आठवावे. बाणाचे मूळ एके काळी आपल्याकडेही होते आणि तेव्हा आपल्या आधीच्या पिढ्यांना त्याची लाज वाटल्याचे फारसे ऐकिवात नाही.

पैशाच्या रेषा

बाणांच्या नकाशात पैशाची दिशा दिसत नाही, ही उणीव एका चित्रकाराने भरून काढण्याचा प्रयत्न केला. मार्क लोम्बार्डी हा अमेरिकन चित्रकार १९५१ साली जन्मला व २००० साली त्याने आपले जीवन संपवले. अखेरच्या सहा-सात वर्षांत त्याने मोठमोठ्या कागदांवर पेन्सिलीने विलक्षण आकृत्या काढल्या. वर्तुळात माणसाचे, बँकेचे अथवा कंपनीचे नाव आणि एका नावापासून दुसऱ्या नावाकडे जाणाऱ्या लांब कमानदार रेषा. त्याने कोणतीही गुप्त माहिती मिळवली नव्हती. वर्तमानपत्रे व प्रसिद्ध पुस्तके वाचून त्याने हजारो टिपणपत्रे तयार केली आणि जी माहिती सुटी सुटी सर्वांसमोर पडली होती, ती एका कागदावर जोडून दाखवली.

त्याच्या गाजलेल्या आकृत्यांपैकी एक ‘बीसीसीआय’विषयी आहे. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ही क्रिकेट मंडळाची अद्याक्षरे नव्हेत. ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’ ही १९७२ साली पाकिस्तानचे आगा हसन अबेदी यांनी स्थापन केलेली बँक. अनेक देशांत तिच्या शाखा होत्या; आपल्या मुंबईतही एक होती. अमली पदार्थांच्या व्यापारातील पैसा धुऊन काढल्याचा गुन्हा या बँकेने १९९० साली अमेरिकेतील न्यायालयात कबूल केला आणि १९९१ च्या जुलैमध्ये अनेक देशांच्या अधिकाऱ्यांनी मिळून तिला टाळे लावले. लोम्बार्डीची ही आकृती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. २००१ सालच्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर अमेरिकन तपासयंत्रणेच्या माणसांनाही ती पाहावीशी वाटली, ही गोष्ट तिच्या अचूकतेबद्दल पुरेशी बोलकी आहे.

दिशेच्या कसोटीवर ही कलाकृती श्रेष्ठ ठरते. येथे एकही शेत नाही, खेचर नाही, पुडी नाही. येथे सुटाबुटातील माणसे आहेत, संचालक मंडळे आहेत, दूर बेटांवरील कंपन्या आहेत. डोंगरातल्या शेतापासून सुरू होणारा बाण शेवटी कोणाच्या खात्यात विसावतो, हे पाहायचे असेल तर या रेषांमागे जावे लागते.

तरीही या आकृतीपुढे उभे राहिल्यावर, निदान तिची प्रतिकृती पाहताना, मला एक थंडपणा जाणवतो. रेषा इतक्या डौलदार आहेत, वर्तुळे इतकी सुबक आहेत की सारे काही आकाशातील नक्षत्रांसारखे दिसते. सूचीची कसोटी लावली की या थंडपणाचे कारण सापडते. वर्तुळ मिळाले आहे ते फक्त सत्ताधाऱ्यांना आणि धनवंतांना. ज्याची ठेव बुडाली, ज्याचा मुलगा गेला, ज्याच्या गावात गोळीबार झाला, त्याला या आकाशात एकही ग्रह नाही. आणखी एक धोका आहे. रेषा संबंध दाखवते. तो संबंध पापाचा आहे की केवळ ओळखीचा, हे ती सांगत नाही. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा पेन्सिलीलाही लागू आहे. लोम्बार्डी छापून आलेल्या माहितीपलीकडे गेला नाही, यात त्याची सचोटी दिसते. त्याच्या अनुकरणाने आज कोणीही संगणकावर अशी जाळी विणून कोणाच्याही नावाला काळिमा लावू शकतो.

एका रात्रीचा नकाशा

तिसरा नकाशा आपल्याला पुन्हा मेक्सिकोत नेतो. २००६ सालच्या डिसेंबरमध्ये अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवले. त्यानंतरच्या काळात त्या देशात नाहीशा झालेल्या माणसांची संख्या वाढतच गेली. २०२२ च्या मे महिन्यात सरकारी नोंदीतील बेपत्ता व्यक्तींचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला.

या लाखात त्रेचाळीस विद्यार्थी आहेत. गेरेरो प्रांतात आयोत्सिनापा येथे गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षक बनवणारी एक निवासी शाळा आहे. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री तेथील विद्यार्थी इग्वाला शहरातून काही प्रवासी बसगाड्या ताब्यात घेऊन निघाले होते. मेक्सिको शहरातील एका स्मृतिदिनाच्या मोर्चाला त्यांना जायचे होते. पोलिसांनी व त्यांच्याबरोबरच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले. सहा जण ठार झाले, अनेक जखमी झाले आणि त्रेचाळीस विद्यार्थ्यांना पोलीस घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. स्थानिक टोळीने त्यांना एका कचराभूमीत जाळले, असे सांगून सरकारने २०१५ च्या जानेवारीत प्रकरण मिटवू पाहिले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने ही कहाणी शास्त्रीय पुराव्यानिशी फेटाळली. या प्रांताच्या डोंगरांत खसखशीची शेती होते आणि इग्वालाहून शिकागोकडे बसगाड्यांतून हेरॉइन जात असे. विद्यार्थ्यांनी नकळत ताब्यात घेतलेल्या एखाद्या बसमध्ये असा माल दडवलेला असावा, ही शक्यताही या तज्ज्ञांनी तपासासाठी पुढे ठेवली.

२०१७ साली लंडनच्या ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ या संशोधक गटाने त्या रात्रीचा नकाशा तयार केला. तो करून घेणाऱ्या दोन संस्थांपैकी एक अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांची होती. दुसरी संस्था मेक्सिकोतील येशूसंघीयांनी १९८८ साली स्थापन केलेले मानवी हक्क केंद्र होती. त्या केंद्राला १९२७ साली गोळ्या घालून मारलेल्या फादर मिगेल प्रो या हुतात्म्याचे नाव दिलेले आहे. संगणकाच्या पडद्यावर इग्वालाचे रस्ते दिसतात. विद्यार्थी, नगर पोलीस, संघराज्याचे पोलीस, लष्कर अशा प्रत्येक गटाची हालचाल वेगवेगळी पाहता येते. घड्याळ पुढे सरकवले की रात्र पुढे सरकते. साक्षीदारांचे जबाब, दूरध्वनीच्या नोंदी, अधिकृत अहवाल हे सारे आपापल्या जागी आणि आपापल्या मिनिटावर बसवलेले आहे.

समीक्षेच्या दृष्टीने हे काम मला फार मोलाचे वाटते. प्रमाण योग्य आहे: जग नाही, देश नाही, एक शहर आणि त्यातले चौक. सूचीत सर्वांना स्थान आहे, आणि मुख्य म्हणजे ज्यांना स्वतःचे स्थान लपवायचे होते त्यांनाही आहे. आम्ही तेथे नव्हतो, आम्हांला ठाऊक नव्हते, असे म्हणणाऱ्या यंत्रणा त्या रात्री घटनास्थळापासून किती जवळ होत्या, हे नकाशा एकही विशेषण न वापरता दाखवतो. २०२२ साली मेक्सिकोच्या शासकीय सत्यशोधन आयोगाने हा राज्यसंस्थेचा गुन्हा असल्याचे मान्य केले. अमली पदार्थांचा व्यापार म्हणजे केवळ टोळ्यांचा धंदा, हा समज या नकाशाने आधीच ढिला केला होता.

या नकाशातील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र त्यातली पोकळी आहे. त्रेचाळीस मुलांची वाट पहाटेपूर्वी कोठेतरी तुटते. पुढे काय झाले, हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून नकाशा तेथे थांबतो. आजवर फक्त तिघांचे अवशेष ओळखता आले आहेत. सरकारी कहाणीने ही पोकळी घाईने भरली होती. नकाशाने ती तशीच उघडी ठेवली. आपल्याला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणून दाखवण्याचा हा प्रामाणिकपणा साहित्यातही दुर्मिळ आहे.

उणीव सांगायची तर तीही सांगितली पाहिजे. हा नकाशा वाचायला संगणक हवा, वेळ हवा, सराव हवा. वकिलाला, पत्रकाराला, विद्यापीठातील अभ्यासकाला तो खुला आहे. गेरेरोच्या डोंगरातील ज्या बापाने मुलगा गमावला, त्याने तो कसा वाचावा? ज्याच्यासाठी सत्य शोधले, त्याच्या हातात ते सुलभपणे पडत नसेल, तर काम अर्धेच झाले.

क्रुसांचा नकाशा

आता आपण जेथून सुरुवात केली त्या कागदाकडे परत येऊ.

त्या स्त्रियांच्या गटाचे नाव ‘सोलेसितो’, म्हणजे लहानसा सूर्य. सोडती काढून, खाद्यपदार्थ आणि जुने कपडे विकून त्यांनी पैसा उभा केला. आपल्या धर्मग्रामात महिला मंडळ जसा करते, अगदी तसा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्या नकाशाच्या आधारे त्यांनी शोध सुरू केला. त्यांचे साधन लोखंडी सळई. सळई जमिनीत ठोकायची, बाहेर काढायची आणि तिच्या टोकाचा वास घ्यायचा. वासावरून खाली काय आहे ते कळे. २०१७ च्या मार्चमध्ये राज्याच्या सरकारी वकिलांनी जाहीर केले की त्या जागेतून अडीचशेहून अधिक कवट्या निघाल्या आहेत. पुढे ही संख्या तीनशेच्या जवळ गेली. कागदावरचे क्रूस खरे निघाले होते.

आपल्या तीन कसोट्यांवर हा नकाशा टिकतो काय? त्याला प्रमाण नाही, अक्षांश-रेखांश नाहीत. सूचीत एकच खूण. दिशाही एकच, ती म्हणजे खाली, मातीकडे. कलेच्या दृष्टीने त्याची लोम्बार्डीशी तुलना होऊ शकत नाही आणि ज्ञानाच्या दृष्टीने संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाशी होऊ शकत नाही. तरीही चारही नकाशांत आईच्या हातात पडलेला आणि तिला वाचता आलेला हा एकच. आणि हाच एक तिला तिच्या मुलाच्या जवळ घेऊन जाणारा होता.

परंतु या नकाशाचे कौतुक करून थांबलो तर आपण आपलीच फसवणूक करू. तो काढला कोणी? इतके अचूक क्रूस ज्याला काढता आले, तो एकतर ती प्रेते पुरताना तेथे होता किंवा पुरणाऱ्यांच्या निकट होता. म्हणजे या नकाशातले ज्ञान गुन्ह्याच्या आतून आलेले आहे. वेदी आणि पापनिवेदनाची खुर्ची यांत ज्याचे आयुष्य गेले, त्या मला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. या कागदाला पापनिवेदन म्हणावे काय? त्यावर नाव नाही. पश्चात्ताप होता की टोळ्यांतील वैर होते, कळायला मार्ग नाही. क्षमा मागितलेली नाही. तरीही जे सांगितले ते सत्य होते आणि त्या सत्यामुळे काही घरांतील अनेक वर्षांची वाट पाहणे संपले. त्या स्त्रियांनी नकाशा देणाऱ्याच्या हेतूची चौकशी करीत वेळ घालवला नाही. त्यांनी कुदळी उचलल्या. गुन्हेगाराचे नाव कळण्यापेक्षा मुलाची हाडे मिळणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. त्यांचा हा निवाडा चुकीचा होता, असे म्हणण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही.

व्यापाराचे दुसरे टोकही विसरता येत नाही. मेक्सिकोतून माल उत्तरेला जातो, आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २०२१ या एका वर्षात अमेरिकेत एक लाखाहून अधिक माणसे मेली. तेथेही जिल्ह्याजिल्ह्यांचे रंगीत नकाशे निघतात. बाणाच्या एका टोकाला सळई घेऊन हिंडणारी आई आहे आणि दुसऱ्या टोकाला मुलाच्या खोलीचे दार ठोठावणारी आई आहे. या दोघींना एकाच कागदावर आणणारा नकाशा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपला नकाशा

वाचक विचारतील, या साऱ्यातून आपण काय घ्यावे? माझ्या मते एवढे घ्यावे की या विषयावरील प्रत्येक चित्राला आपण तीन प्रश्न विचारावेत. पैशाचा बाण कोठे आहे? हे किती जवळून पाहिले आहे? आणि ज्याचे नुकसान झाले, त्याला यात खूण आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाबरोबर एक सावधगिरीही हवी. त्या आईचे म्हणणे उमगल्यावर काही वर्षांनी मला वाटले, धर्मग्रामाचाच नकाशा काढावा. गल्ल्या दाखवाव्यात, जेथे जेथे हे विष शिरले त्या घरांवर खूण करावी. हा विचार मी तिच्यापाशी बोलून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझ्या घरावर खूण नको, फादर. धाकटीचं लग्न व्हायचंय.” मी ओशाळलो. वेराक्रूझचे क्रूस मेलेल्यांच्या जागी होते; माझे क्रूस जिवंत माणसांच्या दारावर पडले असते. जवळून काढलेला नकाशा प्रेमाने काढला नाही, तर तो बोट दाखवण्याचे साधन होतो, आणि लहान गावात बोट दाखवणे म्हणजे अर्धी शिक्षाच.

मग खूण कोठे करावी? जेथे दार उघडे आहे तेथे करावी. आपल्याकडे अशी दारे आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, त्याचे केंद्र आपल्या वसईतही आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. माघारी फिरू पाहणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला रात्रीच्या वेळी कोणत्या गल्लीने कोणाच्या दाराशी जावे, हे सांगणारा नकाशा आपण अजून काढलेला नाही.

त्या प्रदर्शनातला जगाचा नकाशा मी टाकून दिला नाही. बदलीबरोबर तोही माझ्या कपाटांतून फिरत आला आहे. कधीतरी तरुणांपुढे तो उलगडतो आणि त्यांना विचारतो, यात काय दिसत नाही ते सांगा. मुले हुशार असतात. पैसा दिसत नाही, म्हणतात. पोलीस दिसत नाहीत, म्हणतात. त्यांच्यापैकी कोणी “आपली मागची गल्ली दिसत नाही” असे म्हणाले, की मी तो नकाशा गुंडाळतो आणि कोरा कागद पसरतो.